लाल पट्टीची खात्री

रोग झालाय हे कळलं तेव्हा माझं काही म्हणजे काही दुखत नव्हतं. ना ताप, ना जळजळ, ना खाज. आदल्या दिवशी मी गोठलेल्या तळ्यावर पाय तुटेपर्यंत हॉकी खेळले होते आणि कॅन्टीनमध्ये मांस-बटाट्याची गरमागरम हॉटडिश दोनदा वाढून घेतली होती. त्यामुळे डॉक्टर ओकर्लंडबाईंनी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला आणि "सिग्ने, तुझ्या लघवीच्या तपासणीत क्लॅमिडिया निघालाय," असं सांगितलं, तेव्हा मी सरळ हसले.

"दुसऱ्या कुणाची तरी डबी असेल," मी म्हणाले.

"तुझीच आहे."

मी गेले होते कशाला, तर गर्भनिरोधक गोळ्यांची चिठ्ठी वाढवून घ्यायला. या बाई कॉलेजच्या दवाखान्यात याच वर्षी आलेल्या. पंचविशीच्या आतल्या मुलीची ही, संबंधातून लागणाऱ्या रोगांची, तपासणी वर्षातून एकदा करायचीच, असा त्यांचा खाक्या. मी डबी भरून दिली ती केवळ त्यांचं मन राखायला.

"असं कसं होईल? ब्रॉडीकडे पट्टी आहे!"

"कसली पट्टी?"

आता ही पट्टी समजल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आमच्या पाइन हार्बर कॉलेजचं आणि खाडीपलीकडच्या कॉलेजचं रक्तदानावरून हाडवैर आहे. वर्षातून चार वेळा रक्तपेढीची माणसं येतात, आणि ज्यांचे रक्तदाते जास्त त्यांच्या कॅन्टीनच्या दारात जहाजाचा एक गंजका नांगर ठेवला जातो. त्या भंगारासाठी आम्ही जीव टाकतो. रक्त दिल्यावर कोपराला जी लाल ताणपट्टी गुंडाळतात ती आमच्याकडे कुणी फेकत नाही. दप्तराच्या बंदाला बांधतात. पूर्वी ती नुसती मिरवायची वस्तू होती म्हणे. पण दिलेलं रक्त तपासतात हे सगळ्यांना ठाऊक, आणि त्यात काही निघालं तर पेढीचा फोन येतो हेही ठाऊक. तेव्हा ज्याच्या दप्तराला पट्टी आणि ज्याला फोन आला नाही, तो स्वच्छ. हा शोध कुणी लावला कोण जाणे, मी कॉलेजात येण्याआधीच तो पक्का झाला होता. पार्टीत मुलगा आवडला की मुली आधी त्याचं दप्तर बघतात. पट्टी असली की कंडोमची कटकट नाही.

माझी स्वतःची पट्टी नव्हती, कारण सुई दिसली की माझे पाय लटपटतात. पण माझ्या ब्रॉडीच्या दप्तराला चार होत्या. माझ्या गोळ्या चालू होत्या म्हणून मूल राहायची भीती नाही, त्याच्या पट्ट्या होत्या म्हणून रोगाची नाही. कंडोमचं पाकीट माझ्या टेबलाच्या खणात न उघडता पडून होतं.

एवढं ऐकून डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"अगं, पेढी तपासते ती ज्याला रक्त चढवायचं त्याच्यासाठी. रक्तातून जे दुसऱ्याला जाईल ते बघतात. एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस, असलं. क्लॅमिडियाचा मुक्काम लघवीच्या वाटेत, गर्भाशयाच्या तोंडाशी, कधी घशात. गनोरियाचाही तिथेच. रक्ताच्या पिशवीत ते कुणी शोधतच नाही."

"म्हणजे पट्टी निदान एचआयव्हीपुरती तरी खरी?"

"तीही नाही. लागण अगदी ताजी असली तर त्यांच्या तपासणीतूनसुद्धा निसटू शकते. म्हणून तर स्वतःला तपासून घ्यायला रक्त देऊ नका, असं ते लोक कानीकपाळी ओरडत असतात. आणि पट्टी म्हणजे त्या दिवसाची. त्यानंतरचं काय?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. बहुतेकांना हा रोग जाणवतच नाही. मुलींना तर फारच कमी. तसाच राहिला तर वर सरकतो, गर्भाशयाच्या नळ्यांना सूज आणतो, आणि पुढे मूल हवं असतं तेव्हा ते राहत नाही. माझा वेळेत सापडला होता. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ गोळ्या, तोवर संबंध बंद, आणि तीन महिन्यांनी पुन्हा डबी.

"मला हा दिला कुणी?" मी विचारलं. माझं डोकं चांगलंच तापलं होतं.

"ब्रॉडीच्या आधी तुझं कुणी होतं?"

"पहिल्या वर्षी होता एक."

"आणि त्याचं, तुझ्याआधी?"

"असेल की."

"मग ते कुणालाच कधी कळणार नाही. हा महिनोन्‌महिने गप्प बसून राहतो. कुणी कुणाला दिला, यावर माझ्याकडे औषध नाही, सिग्ने. कुणाचं औषध राहिलंय, तेवढं मी बघते." त्यांनी गोळ्यांची आणखी एक पुडी काढून माझ्या हातात ठेवली. "ही त्याला दे. किंवा त्याला इकडे धाड. तू एकटीनं घेऊन भागायचं नाही."

ब्रॉडी जिममध्ये जमिनीवर पालथा पडून फेब्रुवारीच्या रक्तदानाचा फलक रंगवत होता. हे सगळं काम तोच बघायचा. त्याच्या धाकट्या बहिणीच्या गाडीला हरीण आडवं आलं होतं, आणि ती पोर परक्या लोकांच्या रक्तावर वाचली. तेव्हापासून रक्तदान म्हणजे त्याचा जीव की प्राण. कॉलेजात त्याच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस सापडलं नसतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला नालायक ठरवाल. तो नालायक नव्हता.

मी त्याच्याशेजारी बसले आणि आडवळण न घेता सांगितलं. पुडी पुढे केली. त्यानं ब्रश खाली ठेवला.

"म्हणजे तुझं दुसरं कुणी आहे?"

"नाही."

"मग आलं कुठनं?"

"कदाचित माझ्याकडे आधीपासून असेल. कदाचित तुझ्याकडे. ते कळत नाही, ब्रॉडी. तू फक्त दवाखान्यात जा आणि डबी भरून दे."

"माझं रक्त चार वेळा तपासलंय, सिग्ने. चार वेळा! असतं तर फोन नसता आला?"

"रक्तात हे बघतच नाहीत."

"असं कोण म्हणालं? ती नवी डॉक्टरीण?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं पुडी उचलली आणि माझ्या मांडीवर परत ठेवली. "मी या गोळ्या घेतल्या तर त्याचा अर्थ मला काहीतरी होतं. मला काही नव्हतं. तुला मला सोडायचं होतं तर सरळ सांगायचंस. रक्ताला कशाला खोटं पाडतेस?"

वाद घालायला माझ्याजवळ पुष्कळ काही होतं. पण तो रडत होता, मीही रडायच्या बेतात होते, आणि फलकावरचा लाल रंग माझ्या पँटला लागला होता. मी उठून आले. आमचं तिथेच संपलं.

दोन दिवसांत सगळ्या हॉस्टेलला माझा रोग ठाऊक झाला. ब्रॉडीनं ती बातमी पसरवली नाही, एवढी खात्री मला आहे. त्यानं दुःखात एका मित्राला सांगितलं असेल, आणि आमच्या हॉस्टेलच्या भिंतींना कान कमी आणि तोंडं जास्त आहेत. कॅन्टीनमध्ये मी ताट घेऊन बसले की टेबलावरचं बोलणं थांबायचं. एकदा तर हॉकीतलीच एक मुलगी माझ्या ऐकण्यात म्हणाली, "पट्टीवाला खोटा आणि बिनपट्टीची खरी? वा गं वा!" माझ्या पाण्याच्या बाटलीला कुणी हात लावेना. पेल्यातून आणि बाकावरून हा रोग होत नाही, हे ओरडून सांगावंसं वाटायचं. पण रोगी माणूस रोगाबद्दल सांगायला लागला की लोक आणखी दोन पावलं मागे सरतात, हे मी तेव्हा शिकले.

माझी खोलीतली जोडीदारीण पाहुआ तेवढी माझ्या बाजूनं उभी राहिली. ती माझ्याच बाटलीतून मुद्दाम सगळ्यांसमोर पाणी प्यायची आणि वर ढेकर द्यायची. तिच्या दप्तराला दोन पट्ट्या होत्या. माझी हकीकत ऐकल्यावर तीही गुपचूप जाऊन डबी भरून आली. तिचं काही निघालं नाही. "पण दोन दिवस पाचावर धारण बसली होती गं," ती म्हणाली. "मला आई दिसायला लागली होती स्वप्नात, हातात लाटणं घेऊन!"

गोळ्या संपल्या. माझ्यापुरतं प्रकरण मिटलं होतं. गप्प बसून उन्हाळ्याची वाट बघता आली असती, आणि खरं सांगते, माझा विचारही तोच होता. मग मला ब्रॉडीबरोबर लिनिआ दिसली.

लिनिआ पहिल्या वर्षाची. आमच्या मजल्यावरच राहायची. तिच्या घरी सहा भावंडं, आणि आपल्यालाही निदान चार मुलं हवीत असं ती हसत हसत सगळ्यांना सांगत फिरायची. गावातल्या इस्पितळात जन्मणाऱ्या बाळांसाठी ती लोकरीच्या टोप्या विणायची. पोर अगदी सरळ. ब्रॉडीच्या हातात हात घालून ती बर्फातून कॅन्टीनकडे चालली होती, आणि दोघांच्या दप्तरांवर लाल पट्ट्या फडफडत होत्या. मत्सर वाटला का? वाटला, का नाही वाटणार! पण त्याच्या पाठोपाठ डॉक्टरबाईंचं "मूल राहत नाही" आठवलं.

तिला मी कपडे धुवायच्या खोलीत गाठलं. ती यंत्रातून इवल्या इवल्या टोप्या काढून टेबलावर मांडत होती.

"तू येशील असं ब्रॉडी म्हणालाच होता," ती मागे न वळता म्हणाली.

"अजून काय म्हणाला?"

"की तू दुखावलीयस. आणि दुखावलेलं माणूस काहीही बोलतं, तर मी मनाला लावून घेऊ नये."

"मी दुखावलेय, कबूल. पण मी जे सांगतेय ते डॉक्टरनं सांगितलेलं आहे. लिनिआ, दवाखान्यात जा. एक डबी भरून दे, बास. काही निघालं नाही तर सगळ्या कॅन्टीनसमोर माझ्या तोंडावर हस."

"मी कशाला जाऊ? माझी पट्टी आहे. त्याच्या चार आहेत."

"कंडोम तरी वापरता का?"

ती लाल झाली. मग तिनं टोप्यांची चळत उचलली, छातीशी धरली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"तुझी पट्टी कुठाय, सिग्ने?"

ती निघून गेली. मी तिथेच ओल्या फरशीवर उभी राहिले. मला तिचा रागसुद्धा धड येईना. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते, आणि वर दोन शब्द जास्त.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंसमोर जाऊन बसले. "तुम्ही तिला बोलावून सांगा ना!"

"कुठल्या तोंडानं? तुझी गोष्ट मी तिला सांगू शकत नाही. तसं केलं तर उद्यापासून माझ्या दारात कुणी फिरकणार नाही. भिंतीवर फलक लावलेत, पत्रकं वाटलीत. तुमची मुलं त्या पत्रकांची विमानं करतात."

"त्यांना पट्टी दिसते, पत्रक दिसत नाही."

"तेच तर दुखणं आहे."

मग एकदम मनात आलं ते विचारलं, "डॉक्टर, मी रक्त देऊ शकते का?"

"तू? तुला सुईची भीती ना?"

"भीती राहू द्या बाजूला. मला हा रोग झाला होता, गोळ्या संपल्या. माझं रक्त घेतील का?"

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "माझ्या माहितीप्रमाणे घेतील. क्लॅमिडियाला त्यांची ना नाही, गोळ्या संपलेल्या असल्या की झालं. पण ते तू त्यांनाच विचार."

"विचारणार आहे. मोठ्यानं विचारणार आहे."

पाहुआला हा बेत सांगितला तेव्हा ती पलंगावरून उठून बसली. "वेडी झालीस? लोक रक्त द्यायचे बंद होतील. तिकडे इस्पितळात कुणी मरायला टेकलं असेल. ब्रॉडीच्या बहिणीसारखं."

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. त्यावर मी आठवडाभर विचार केला. शेवटी मला एवढंच सुचलं, की मीही रक्त देणार आहे. मी रक्ताच्या विरुद्ध बोलणारच नव्हते. जो पेशंटसाठी येतो त्याला माझ्या बोलण्यानं काय फरक पडणार? आणि जो नुसता पट्टीसाठी येतो, त्यानं न आलेलंच बरं.

"आणि लोक तुला काय म्हणतील?" पाहुआनं विचारलं.

"जे म्हणायचं ते म्हणून झालंय. आता उरलंय काय?"

रक्तदानाच्या दिवशी जिममध्ये नेहमीसारखी जत्रा होती. आडव्या खुर्च्या, बिस्किटं, संत्र्याचा रस, कोपऱ्यात कुणीतरी गिटार बडवत होतं. रांग दारापर्यंत पोचलेली. माझ्यामागे काही मुलं सोडून लिनिआ उभी होती. ब्रॉडी बिस्किटांच्या टेबलाशी होता. मला रांगेत बघून त्याचा चेहरा पडला. मीही काही फार तोऱ्यात नव्हते. नाकात स्पिरिटचा वास जात होता आणि मी सुयांचं टेबल सोडून बाकी सगळीकडे बघत होते.

नावं घ्यायला पेढीच्या डार्लीनबाई बसल्या होत्या. पांढरे केस, गळ्यात चष्मा, सगळ्यांना "बाळा" म्हणायची सवय.

"नाव सांग, बाळा."

नाव सांगितलं. मग मी त्यांच्या टेबलावर दोन्ही हात टेकले आणि शाळेत कविता म्हणताना काढतात तसा आवाज काढला. "मला एक विचारायचंय. मला क्लॅमिडिया झाला होता. गोळ्या घेऊन संपवल्या. मी रक्त दिलेलं चालेल का?"

गिटार थांबली. डार्लीनबाईंनी घाईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "अगं, हे आत पडद्यामागे विचारतात. सगळ्यांसमोर कशाला?"

"मला सगळ्यांसमोरच उत्तर हवंय. प्लीज."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. काहीतरी आहे एवढं त्या समजल्या असाव्यात. "चालतं की," त्या म्हणाल्या. "गोळ्या संपल्यात ना? मग काही हरकत नाही."

"आणि तुम्ही तपासणीत तो रोग बघाल का?"

"क्लॅमिडिया? नाही बाई. ते आम्ही कुणाचंच बघत नाही."

"गनोरिया?"

"तेही नाही."

"कधीच नाही?" हा प्रश्न माझा नव्हता. ब्रॉडी टेबलापर्यंत आला होता. त्याच्या हातात बिस्किटांचा पुडा तसाच होता. "पण काही निघालं तर तुम्ही फोन करता ना?"

"करतो. जे शोधतो ते निघालं तर करतो. जे शोधतच नाही त्याचा फोन कसा करायचा, राजा?"

मागून एक मुलगा ओरडला, "म्हणजे हिचं रक्त आणि आमचं रक्त सारखंच?"

"तुझं काय ते तुलाच ठाऊक नाही, बाळा," डार्लीनबाई म्हणाल्या. "हिला निदान स्वतःचं ठाऊक आहे."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग कुणालाच हसू येईना. रांगेतली मुलं एकमेकांच्या दप्तरांकडे बघत होती. डार्लीनबाईंनी ती नजर टिपली आणि विचारलं, की हे काय चाललंय? माझ्यामागेच उभ्या असलेल्या पाहुआनं सांगितलं. पट्टी, फोन, कंडोम, सगळं. ऐकता ऐकता बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या उभ्या राहिल्या. त्यांची उंची जेमतेम माझ्या खांद्याएवढी, पण आवाज पार बास्केटबॉलच्या जाळीपर्यंत गेला.

"नीट ऐका! रक्त हवंय. फार हवंय. ज्याला द्यायचंय त्यानं थांबा, मी पाया पडते तुमच्या. पण स्वतःला तपासून घ्यायला कुणी आलं असेल तर त्यानं आत्ता, या क्षणी बाहेर जायचं आणि दवाखान्याचं दार ठोठावायचं. तुमच्या शंकेची पिशवी मी कुणाच्या लेकराच्या अंगात चढवणार नाही!"

रांगेतून काही मुलं खाली मान घालून बाहेर पडली. माझ्या अंदाजापेक्षा जास्त पडली, त्यात हॉकीतली ती मुलगीही होती. पण बरीचशी थांबली. लिनिआ मात्र मधेच उभी होती, पुढे नाही, मागे नाही.

माझ्या बोटाला टोचून रक्त बघितलं, पडद्यामागचे प्रश्न झाले आणि मला आडवं केलं. सुई आत गेली तेव्हा मी छताकडे बघत सगळ्या भाऊ-बहिणींची नावं घेतली, मग कुत्र्यांची घेतली. मी बेशुद्ध पडले नाही. पडले असते तरी चाललं असतं, काम झालं होतं. कोपराला लाल पट्टी गुंडाळून मी उठून बसले तर समोर लिनिआ.

"तू सगळ्यांसमोर स्वतःची अब्रू काढलीस," ती म्हणाली.

"ती आधीच निघाली होती. मी फक्त कारणी लावली."

"मला आता भीती वाटतेय." आणि ती रडायला लागली, लहान मुलासारखी, नाक वर ओढत. "मला एकदाही दुखलं नाही गं. मला काही होत नाहीये. म्हणजे नसेल ना?"

तिला धीर यावा म्हणून खोटं बोलायचा मोह झाला. मी बोलले नाही. "मलाही काही होत नव्हतं," मी म्हणाले. "चल. मी येते."

पेढीच्या बाई मला उठू देईनात. रस प्यायला लावला, बिस्किटं कोंबली. मग आम्ही दोघी बर्फातून दवाखान्यात गेलो. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरलेल्या, भिंतीला टेकून पोरं उभी, प्रत्येकजण आपापल्या बुटांकडे बघतोय. डॉक्टरबाई दारात आल्या, गर्दी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन डब्यांचं खोकं घेऊन आल्या. लिनिआचं नाव लवकर पुकारलं गेलं. माझा हात सोडून ती आत गेली.

तिचं काय निघेल ते मला ठाऊक नव्हतं. निघालं तर गोळ्या होत्या. एवढ्यासाठी सगळा आटापिटा केला होता, आणि आता पाय दुखत होते, चक्कर येत होती, भूक लागली होती. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले.

थोड्या वेळानं कुणीतरी माझ्याशेजारी येऊन बसलं. मान वळवायची गरज नव्हती, त्याचा कोट मला वासावरून कळतो. ब्रॉडीच्या हातात रिकामी डबी होती. तो ती बोटांत फिरवत होता.

"मी खोटं बोलत नव्हतो, सिग्ने," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला. खोटं बोलत असतास तर एका दिवसात तुझा नाद सोडला असता."

समोरच्या भिंतीवर डॉक्टरबाईंचा फलक होता. तो त्यानं वरपासून खालपर्यंत वाचला, बहुधा पहिल्यांदाच.

"आणि हे माझ्यामुळे झालं असेल तर? तुला, तिला?"

"तर गोळ्या घे."

"आणि तुझ्यामुळे असेल तर?"

"तरी त्याच गोळ्या."

तो माझ्या खांद्याकडे कलला, नेहमीच्या सवयीनं, आणि हळूच म्हणाला, "आपलं काय आता?"

मला त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. फार वाटला. आतून परिचारिकेनं त्याचं नाव पुकारलं. मी त्याचा खांदा धरून त्याला उभं केलं.

"आपलं संपलंय, ब्रॉडी. तुझी तपासणी राहिलीय. जा."